काढलेला मध, राखलेला मध

मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरताना एका रकान्यापाशी माझे पेन थांबले. रकाना होता 'पूर्वानुभव'. मी 'नाही' असे लिहिले. तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईला मधमाशीचा अनुभव असणार तरी कुठून? माझ्या शेजारी धडगावकडची दोन पावरा मुले बसली होती. त्यांनीही 'नाही' असेच लिहिले. जेवणाच्या सुटीत बोलता बोलता कळले, की दोघांचेही वडील आणि आजे सातपुड्याच्या कड्यांवरचा मध काढणारे. एकाने तर बारा-तेरा वर्षांचा असताना वडिलांच्या दोराचे टोक धरले होते. मी विचारले, "मग 'नाही' का लिहिलंस?" तो म्हणाला, "बाई, तो अनुभव नाही. ते जंगलातलं आहे."

मधाबद्दल फारसे काही कळत नव्हते तेव्हाची ही गोष्ट. पण त्या उत्तराने मला इतिहासाकडे परत नेले. पिढ्यान्‌पिढ्या माशी ओळखणारा मुलगा आणि माशीला हाताने झटकणारी मी, दोघेही एकाच अर्जावर 'नवशिके' कसे ठरलो? हा लेख त्या प्रश्नाचा माग आहे. माग काढताना माझी स्वतःची एक चूक मध्ये येते. ती लपवली तर लेख अर्धा राहील, म्हणून तीही सांगणार आहे.

●

नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो असा, की 'मधमाशी' असे एकवचनी काही नसतेच. आपल्याकडे परंपरेने ओळखल्या जातात त्या चार. मोठी, काळपट, उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याच्या छपराला एकच रुंद पोळे उघड्यावर टांगणारी ती आग्या माशी. झुडपात हातभर उंचीवर तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी. झाडाच्या ढोलीत, वारुळाच्या पोकळीत, जुन्या भिंतीत अंधार शोधून एकामागे एक अशी समांतर पोळी बांधणारी सातेरी. आणि नांगी नसलेली, चिमुकली पोयाची माशी. पाचवी मेलीफेरा, म्हणजे युरोपियन माशी. ती अलीकडची पाहुणी. पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात नगरोटा बगवाँ येथे तिला यशस्वीपणे रुजवले आणि तिथून ती देशभर पसरली.

या चौघींपैकी पेटीत राहते ती सातेरी, कारण तिला अंधार आणि आडोसा हवा असतो. आग्या माशीला पेटीत घालणे म्हणजे घारीला खुराड्यात ठेवण्यासारखे. हा फरक साधा वाटतो, पण पुढचा सगळा इतिहास याच फरकावर फिरला आहे. ज्या माशीला पेटी मानवते तिचे 'पालन' झाले आणि जिला मानवत नाही तिची 'शिकार' ठरली.

माश्यांची अशी वर्गवारी आपल्याला नवी नाही. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत: पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. त्यांतले काही प्रकार माशीच्या जातीवरून ओळखले जातात. कुणीतरी माश्या वेगळ्या ओळखल्याखेरीज वैद्याला मध वेगळे ओळखता आले नसते. तो 'कुणीतरी' ग्रंथात नाही. तो असणार रानातलाच. त्याच्याही मागे जायचे तर आपल्याच सातपुड्याच्या पूर्वेकडच्या रांगांत, पचमढीच्या शैलाश्रयांत, मध काढणाऱ्या माणसांची चित्रे आहेत. शिडी, पोळे आणि भोवती उडणाऱ्या माश्या. तोरणमाळच्या पठारावर उभे राहून पूर्वेकडे पाहताना मला नेहमी वाटते, की ती चित्रे आणि माझ्या शेजारच्या मुलाने धरलेले दोराचे टोक एकाच डोंगररांगेतले आहे.

●

आता पेटीची गोष्ट. ती मात्र दुरून आली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये फ्रांस्वा ह्यूबर नावाचा एक अंध गृहस्थ मधमाश्यांचा अभ्यास करत होता. डोळे त्याच्या सहायकाचे, प्रश्न त्याचे. पुस्तकाच्या पानांसारखी उघडता येणारी पेटी त्याने केली आणि पोळे न मोडता आत काय चालते ते 'पाहिले'. पुढे १८५१ मध्ये अमेरिकेत लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या लक्षात एक बारीक गोष्ट आली. दोन पृष्ठभागांमध्ये साधारण सहा ते नऊ मिलिमीटर फट ठेवली तर माश्या ती येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. त्याहून कमी ठेवली तर डिंकासारख्या राळेने लिंपून टाकतात, जास्त ठेवली तर तिथे नवे पोळे बांधतात. एवढी फट सोडून चौकटी टांगल्या, की पोळे भिंतीला चिकटत नाही आणि चौकट हाताने उचलून पाहता येते. पुढच्याच वर्षी त्याने या पेटीचे पेटंट घेतले. जगभरचे आजचे मधमाशीपालन बोटाच्या रुंदीहून लहान अशा या फटीवर उभे आहे.

मी पहिल्यांदा चौकट उचलली तेव्हा ही फट मला दिसली नाही, जाणवली. शिकवणारे म्हणाले होते, "ओढू नका, सरळ वर उचला." वाकडी उचलली तर दोन्ही बाजूंच्या माश्या चिरडतात आणि चिरडलेल्या माशीचा वास बाकीच्यांना चिथावतो. चौकट सूर्याकडे धरली, की षट्कोनी घरांच्या तळाशी भाताच्या कणीहून बारीक, पांढरी, उभी अंडी दिसतात. अंडी उभी म्हणजे ताजी आणि ताजी अंडी म्हणजे राणी जागेवर आहे. राणी दिसलीच पाहिजे असे नाही, तिची खूण दिसली की पुरे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नव्हते. आपणही राजांना कुठे पाहिलेले असते? दाखले पाहतो.

भारतात ही चौकटीची पेटी आणण्याचे प्रयत्न १८८० च्या दशकात बंगालमध्ये झाले. टपाल आणि तार खात्यातले जॉन डग्लस यांनी १८८४ मध्ये भारतातल्या मधमाशीपालनावर हस्तपुस्तिका लिहिली. पण पेटी युरोपियन माशीच्या मापाची होती, सातेरीला ती घर म्हणून फार मोठी. लहान कुटुंबाला वाडा दिला तर निम्मा वाडा उंदरांचा होतो, तसे. हे माप दक्षिणेत फादर न्यूटन यांनी बदलले. १९११ ते १९१७ या काळात त्यांनी सातेरीच्या पोळ्याला साजेशी लहान पेटी घडवली आणि गावकऱ्यांना ती वापरायला शिकवली. आजही आपल्याकडच्या सातेरीच्या पेटीला 'न्यूटन पेटी' म्हणतात. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने मधमाशीपालनाकडे कुटिरोद्योग म्हणून लक्ष वेधले. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत तेलघाणी आणि हातकागदाबरोबर मधपेटीही आली. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ च्या आपल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकात निसर्गातल्या अर्थव्यवस्थांची वर्गवारी केली. एकट्यासाठी नव्हे, तर साऱ्या समूहासाठी राबण्याच्या अर्थव्यवस्थेचे उदाहरण म्हणून त्यांनी मधमाशीच दाखवली.

महाराष्ट्रात या उद्योगाने मूळ धरले ते महाबळेश्वरात. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे ग्रामोद्योगाचे काम सुरू झाले आणि मधोत्पादकांची सहकारी सोसायटी उभी राहिली. जांभूळ, हिरडा आणि काही वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी यांचा मध बाजारात नावाने ओळखला जाऊ लागला. १९६२ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन केली. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

ही सगळी कामे मोठी आहेत आणि माझ्यासारख्यांना पेटी मिळाली ती त्यांच्यामुळेच. पण या इतिहासात एक रिकामी चौकट आहे. स्वित्झर्लंडचा अंध अभ्यासक आहे, अमेरिकेचा आणि दक्षिणेचा धर्मोपदेशक आहे, कलकत्त्याचा अधिकारी आहे. सातपुड्याचा दोर धरणारा त्यात नाही. तो कुठे गेला?

●

तो गेला कायद्यात.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. १८२५ मध्ये आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. एका बाजूने लष्करी नोकरी, दुसऱ्या बाजूने नांगर, बैल आणि तगाई देऊन भिल्लांना मैदानात 'स्थिर' करायचे, असे ते धोरण होते. रानातले जगणे हा त्या धोरणाच्या दृष्टीने सोडवण्याचा प्रश्न होता, शिकण्याचा विषय नव्हता. १८७८ च्या वनकायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी विभागणी केली. १९२७ च्या भारतीय वनकायद्यात 'वनउपज' या शब्दाची व्याख्या आहे. मोहाची फुले आणि मोहाच्या बिया जंगलात मिळोत की बाहेर, ती वनउपज. आणि जंगलात मिळालेल्या किंवा जंगलातून आणलेल्या वस्तूंच्या यादीत कातडी, हस्तिदंत, शिंगे, हाडे, रेशीम, कोष यांच्या पंक्तीला दोन शब्द येतात: मध आणि मेण.

व्याख्येतल्या दोन शब्दांनी काय होते? कड्यावरचा मध काढण्याचे कसब होते तसेच राहते, पण त्याचा हक्क परवानगीचा होतो. हक्क होता तोवर त्या पोळ्याला उद्या होता. परवानगीला उद्या नसतो.

हे वाक्य मला ग्रंथालयात सुचलेले नाही. ते मला माझ्या रिकाम्या पेटीने शिकवले.

●

शहाद्याजवळ गोमाई नदीच्या बाजूला आमचे थोडे शेत आहे. कापूस, तूर, बांधावर कडुनिंब आणि दोन जांभळी. फेब्रुवारीत सातेरीची एक वसाहत मी तिथे निंबाखाली ठेवली. शिकवल्याप्रमाणे पेटीचे तोंड पूर्वेला केले, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारची सावली. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, मुंग्या चढू नयेत म्हणून. खाली पिलाव्याचा कोठा, वर मधाचा कोठा. पळस संपता संपता निंब आणि मग जांभूळ फुलले. एप्रिलच्या शेवटी वरच्या चौकटी मेणाने बंद झाल्या होत्या. मेणाची टोपी म्हणजे माशीने मधातले पाणी हवे तेवढे आटवल्याची पावती. आधी काढला तर मध पातळ राहतो आणि आंबतो.

धूर दिला, चौकटी काढल्या, सुरीने टोप्या उतरवल्या, मधयंत्राचा दांडा फिरवला. मध भांड्यात पडतानाचा आवाज नवशिक्याने ऐकू नये, इतका तो मोहात पाडतो. वरचा मध काढून झाल्यावर मी खाली पाहिले. पिलाव्याच्या चौकटींच्या वरच्या कडेलाही मधाची रुंद पट्टी होती. शिकवले होते, की तिला हात लावायचा नाही, ती त्यांची पावसाळ्याची शिदोरी. मी लावला. दोन चौकटींचा तो भाग कापून घेतला. घरी पाहुणे येणार होते आणि 'आपल्या शेतातला मध' म्हणून बाटल्या भरायच्या होत्या.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. पावसात फुलोरा कमी आणि माशीला बाहेर पडणे अवघड. त्या दिवसांत साखरेचा पाक द्यायचा असतो. आज देऊ, उद्या देऊ, असे करत मी दोन आठवडे शेतात गेलेच नाही. जुलैत झाकण उघडले तेव्हा आत जाळी होती, मेणकिड्याच्या अळ्यांची. पोळी पोखरलेली, अंडी नाहीत, माशी नाही, मेलेलीही नाही. सातेरीचा हा स्वभावच आहे. अन्न संपले आणि घर पोखरले, की ती भांडत बसत नाही, अख्खे घर घेऊन निघून जाते.

काही दिवसांनी मी त्या प्रशिक्षणातल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाई, आज्याला विचारा."

●

आजा ऐंशीच्या घरातला. धडगावच्या पुढे, गाडी थांबते तिथून तासभर चालून गेल्यावर त्याचा पाडा. अंगणात आमचुरासाठी आंबे वाळवायच्या मोकळ्या चटया गुंडाळून ठेवलेल्या. तो पावरीत बोलत होता, नातू मराठीत सांगत होता. मी माझ्या पेटीची हकीकत सांगितली. त्याने एकच प्रश्न विचारला, "ठेवलं किती?"

मग तो स्वतःचे सांगू लागला. आग्या माशीचे पोळे एकच पडदा असते, पण त्याचा मध सगळीकडे नसतो. वरच्या बाजूला एका टोकाला तो जाड गड्ड्यासारखा साठतो, बाकी पडदा पिलांचा. जाणता माणूस अंधाऱ्या रात्री जातो, ओल्या पाल्याचा धूर देतो आणि गड्डाच कापतो. पडदा राहिला तर माश्या परत बसतात, त्याच हंगामात पुन्हा गड्डा भरतात. त्याच्या वडिलांच्या वेळी कुठला कडा कुठल्या घराचा, हे पाड्यात सगळ्यांना माहीत होते.

"आणि तुमच्या वेळी?" मी विचारले.

तो हसला. त्याच्या वेळी, तो म्हणाला, सगळे पोळेच उतरवायचे. जाळायचे, पाडायचे, पिळायचे, पिलांसकट. कुणी पाहायच्या आत खाली उतरायचे. गड्डा कापून पडदा ठेवला, तर उद्या तो दुसरा कुणी नेणार. "ठेवायचं कुणासाठी?"

मी गप्प बसले. रानातल्या माणसाकडे सगळे शहाणपण असते, असे मानून मी गेले होते. त्याने मला तो गोड समज करून घेऊ दिला नाही. ठेवण्याचे ज्ञान त्याच्याकडे होते आणि ते त्याने वापरले नाही. ज्ञान माझ्याकडेही होते, वहीत लिहिलेले. त्याने ठेवले नाही, कारण उद्या आपला असेल याची त्याला खात्री नव्हती. मला खात्री होती आणि तरीही मी ठेवले नाही. दोघांत जास्त दोषी कोण, हे मला त्या अंगणात कळले.

●

'मध काढणारे' आणि 'मधमाशी पाळणारे' असा भेद आपण करतो आणि पहिल्याला मागासलेला, दुसऱ्याला शास्त्रीय म्हणतो. माझ्या दोन वर्षांच्या नवशिकेपणातून मला दिसले ते वेगळे. खरा भेद काढणे आणि राखणे यांतला आहे आणि तो पेटीत ठरत नाही. पेटी असून मी लुटारू ठरले. कड्यावरही पालन होऊ शकते. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने आग्या माशीचा मध काढणाऱ्यांना संरक्षक पोशाख देऊन फक्त मधाचा भाग कापण्याची, पिले आणि वसाहत वाचवण्याची पद्धत शिकवली आहे. विज्ञान म्हणून जे शिकवले जाते ते आज्याच्या वडिलांच्या रीतीहून फार दूर नाही.

कायद्यानेही उशिरा का होईना, पाऊल मागे घेतले. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची मालकी, ती गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासींना दिला आहे. त्या वनोपजाच्या व्याख्येत मध आणि मेण हे दोन शब्द पुन्हा येतात. गंमत अशी, की १९२७ च्या कायद्याने त्यांना प्राण्यांच्या उत्पन्नात धरले होते, तर २००६ चा कायदा 'वनस्पतिजन्य' वनोपजात धरतो. माशीला विचारले तर तिला दोन्ही पटेल. मकरंद झाडाचा आणि मेहनत तिची. २०१३-१४ पासून केंद्र सरकारने ज्या वनोपजांना किमान आधारभूत किंमत लागू केली, त्यांत रानमधही आहे. कागदावर आता त्या कड्याला पुन्हा 'उद्या' मिळाला आहे. तो पाड्यापर्यंत किती पोचतो, यावर पोळ्याचा पडदा राहणार की जाणार, ते ठरेल.

आज्याच्या नातवाने गेल्या हिवाळ्यात सातेरीच्या दोन पेट्या ठेवल्या. ढोलीतली वसाहत पेटीत कशी घ्यायची, हे त्याने मला दाखवले. पोळी कापून चौकटीत केळीच्या सोपटाने बांधायची, पिलाव्याची बाजू वर-खाली होऊ द्यायची नाही आणि राणी आत गेली, की बाकीच्या आपण होऊन मागे येतात. हे त्याला कुणी शिकवले, असे मी विचारले नाही. एवढेच म्हटले, की पुन्हा कधी तो रकाना भरायची वेळ आली तर 'नाही' लिहू नकोस.

माझ्या निंबाखाली पुन्हा एक पेटी आहे. या पावसाळ्यात दर आठवड्याला जाऊन पाक दिला, कोठ्याचा तळ पुसला, मेणकिड्याची जाळी दिसताच ती चौकट बाजूला काढली. हा लेख लिहीत असताना तूर फुलायला लागली आहे आणि अस्तंब्याच्या यात्रेला निघालेल्यांच्या गाड्या तळोद्याच्या रस्त्याला लागल्या आहेत. काल झाकण उघडले. वरच्या कोठ्यात दोन चौकटी भरत आल्या आहेत, खालच्या चौकटींच्या कडेला मधाची पट्टी पुन्हा धरली आहे. या दिवाळीला पाहुण्यांना शेतातला मध मिळेल तो वरचा, तोही थोडाच. खालच्या पट्टीवर मी बोट ठेवले नाही. झाकण हळूच लावले.